रखडलेली फाइल आणि नागरिकत्वाचा अर्ज

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि दिवसातले आठ तास स्क्रीनसमोर गप्प बसतो. संयोजकांनी मला 'परदेशात नोकरी' असा विषय दिला होता. बायोडेटा कसा लिहायचा, भाषा किती यावी लागते, मुलाखतीत काय विचारतात, हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत सांगेन, कुणीही विचारा. पण इथं उभं राहून मला वेगळ्या गोष्टीवर बोलायचं आहे. तुमच्यातले बरेच जण पुढच्या काही वर्षांत बाहेर जातील. तिथं राहायचा कागद एखाद्या कार्यालयात अडकेल. आणि एका संध्याकाळी कुणीतरी म्हणेल, 'कशाला वाट बघतोस? सरळ तिथलं नागरिकत्वच घेऊन टाक.' त्या संध्याकाळी काय विचार करायचा, यावर मी बोलणार आहे. कारण ती संध्याकाळ माझ्याकडे येऊन गेली.

आधी माझी हकीकत थोडक्यात सांगतो. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं तिथंच नोकरी केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या एका शहरात गेलो. 'ब्लू कार्ड' नावाचा परवाना होता. उच्चशिक्षित नोकरदारांना तो मिळतो. चांगला असतो, पण नोकरीला बांधलेला असतो आणि त्याला मुदत असते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. त्याला मुदत नसते, नोकरी बदलली किंवा गेली तरी तो राहतो. ब्लू कार्डवाल्यांना तो आज २७ महिन्यांनी मागता येतो, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी पार केली असेल तर २१ महिन्यांनी. तेवढे महिने पेन्शनचे हप्ते भरलेले असावे लागतात. फी साधारण ११३ युरो.

करोनात भाषेचे वर्ग बंद पडले, त्यामुळे माझी बी-१ परीक्षा २०२२ च्या शेवटी झाली. मे २०२३ मध्ये मी अर्ज केला. पोच मिळाली. नंतर काहीच नाही. ईमेलला ठरावीक छापील उत्तर, फोन उचलत नाहीत, भेटीची वेळ मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये ब्लू कार्ड संपत होतं, म्हणून आधी एक तात्पुरता दाखला दिला. मग ब्लू कार्डच आणखी दोन वर्षांसाठी वाढवून दिलं. पण मुख्य फाइल जागची हलली नाही. बँकेनं घराच्या कर्जाला नकार दिला, कारण परवाना मुदतीचा. २०२४ मध्ये कंपनीनं माणसं कमी केली. माझ्या टीममधले चार जण गेले. ब्लू कार्डवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला ठरावीकच वेळ मिळतो. तो हिशेब मी रोज रात्री झोपताना करायचो.

त्याच वर्षी, २७ जून २०२४ ला, जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. आधी आठ वर्षं राहावं लागायचं, ते पाच झालं. आणि ज्याच्याकडे ब्लू कार्ड आहे त्याला नागरिकत्वासाठी आधी कायम वास्तव्याचा परवाना घ्यावाच लागतो असं नाही, थेट अर्ज करता येतो. माझी पाच वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे बघा गंमत. खालच्या पायरीचा कागद मिळत नव्हता, पण वरच्या पायरीसाठी मी पात्र होतो. मित्र म्हणाले, 'ती फाइल सोडून दे, थेट पासपोर्ट घे. २५५ युरो फी आहे, कटकट संपली.' नागरिकत्वाची चाचणी मी देऊन टाकली. ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की पास. आपल्याकडची कुठलीही स्पर्धा परीक्षा दिलेल्या माणसाला ती अवघड नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्हाला मुलगी झाली.

इथं मला थोडा कायदा सांगावा लागेल. जर्मनीत परदेशी आईवडिलांच्या पोटी जन्मलेलं मूल जन्मानं जर्मन ठरतं, पण दोन अटींवर. आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण पाच वर्षं तिथं कायदेशीर राहत असला पाहिजे, आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असला पाहिजे. माझी पाच वर्षं पूर्ण होती. कागद नव्हता. तो कुणाच्या तरी टेबलावर १९ महिने पडून होता. तेवढ्यावरून माझ्या मुलीचं जन्मानं मिळणारं नागरिकत्व हुकलं. पुढे मार्ग बंद होतात असं नाही. आईवडिलांपैकी कुणी नागरिकत्व घेतलं तर ५१ युरो भरून मुलालाही सोबत घेता येतं. पण त्या रात्री मला हे काही सुचलं नाही. प्रचंड राग आला होता. बाळ झोपलं, मी लॅपटॉप उघडला आणि रात्री दोनपर्यंत बसून नागरिकत्वाचा अर्ज पूर्ण भरला.

सकाळी बायकोला दाखवला. तिनं वाचला आणि एकच प्रश्न विचारला, 'त्या लोकांनी तुझा कागद वेळेवर दिला असता, तर तू हा अर्ज भरला असतास का?'

मला उत्तर देता आलं नाही. आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा म्हणाल तर तिचा हा प्रश्न आहे.

आमच्या धंद्यात नवशिक्या माणसाची एक चूक ठरलेली असते. बिघाड एका ठिकाणी असतो आणि तो दुरुस्ती दुसरीकडे करतो. वरवर सगळं चालायला लागतं, सहा महिन्यांनी भलतीकडेच फुटतं. मी तेच करत होतो. माझ्यासमोर दोन प्रश्न होते. पहिला, एका कार्यालयानं माझ्या अर्जावर मुदतीत निर्णय दिलेला नाही. दुसरा, मला कोणत्या देशाचा नागरिक व्हायचं आहे. पहिल्या प्रश्नाचा संताप मी दुसऱ्याच्या अर्जात भरत होतो.

मग मी पहिला प्रश्न पहिल्याच्या जागी सोडवायला घेतला. जर्मनीच्या प्रशासकीय न्यायालयांच्या कायद्यात ७५ वं कलम आहे. पुरेसं कारण नसताना सरकारी कार्यालयानं अर्जावर निर्णय दिला नाही, तर साधारण तीन महिन्यांनंतर अर्जदार थेट न्यायालयात जाऊ शकतो. नागरिक असण्याची अट नाही. मी १९ महिने 'कृपया', 'विनंती', 'तसदीबद्दल क्षमस्व' असं लिहीत बसलो होतो. माहितीचा अधिकार वापरणाऱ्या आपल्या गावच्या कार्यकर्त्यांना हे सांगितलं तर ते हसतील. अर्ज दिला की ३० दिवस मोजायचे आणि एकतिसाव्या दिवशी अपील टाकायचं, हे त्यांना पाठ असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदाही आहे. मी इथं वाढलो, इंजिनिअर झालो आणि सरकारी टेबलासमोर उभं राहायला मात्र शिकलो नाही. आपण मुसलमान पोरं तर कागद म्हटलं की जरा जास्तच अंग चोरतो. असो. मी आधी कलमाचा उल्लेख करून पत्र दिलं, मग वकिलामार्फत नोटीस दिली. मार्च २०२५ मध्ये कार्ड घरी आलं.

कार्ड हातात आल्यावर राग उतरला. आणि गंमत अशी की नागरिकत्वाचा प्रश्न तरीही शिल्लक होता. पण आता तो स्वच्छ दिसत होता.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आधी एक गैरसमज दूर करू. नव्या कायद्यानं जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, हे खरं आहे. म्हणून आपले कित्येक जण म्हणतात, 'आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात.' नाही ठेवता येत. भारत मान्य करत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. तुम्हाला ते वेगळं सोडावं लागत नाही, ते आपोआप जातं. नंतर पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यायचा आणि मग ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा, एवढंच उरतं.

ओसीआयला लोक 'परदेशी भारतीय नागरिकत्व' म्हणतात. नावात नागरिकत्व आहे, आत नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. त्यावर भारतात कितीही दिवस राहता येतं, नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र मिळू शकते. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी मिळत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, तबलीग, गिर्यारोहण यांसाठी खास परवानगी घ्यावी लागते. आणि सरकार ही नोंदणी रद्द करू शकतं. २०१९ च्या ज्या दुरुस्ती कायद्यावर आपण रस्त्यावर उतरलो, त्यात एक तरतूद याबद्दलही होती, तिच्याकडे फार जणांचं लक्ष गेलं नाही. केंद्र सरकार जे कायदे अधिसूचित करेल, त्यांतल्या कुठल्याही कायद्याचा भंग केला तर, म्हणणं ऐकून घेऊन, ओसीआय रद्द करता येतं.

हे एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, ते लपवू नये. कायम वास्तव्याचा परवाना नावापुरताच कायम असतो. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर तो सहसा रद्द होतो.  आता माझे आईवडील कोकणात असतात, दोघंही सत्तरीच्या आसपास. उद्या अम्मीसाठी मला दीड वर्ष गावी राहावं लागलं तर? भारतीय पासपोर्ट ठेवला तर जर्मनीतला परवाना जाऊ शकतो. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय घेतलं तर मी गावी कितीही राहू शकतो आणि परतही जाऊ शकतो. म्हणजे आईजवळ निर्धास्त राहायचं तर भारताचं नागरिकत्व सोडणं सोयीचं! हा विचित्र हिशेब आहे, पण खरा आहे. व्हिसाच्या रांगा वाचतात, मुलीची सोय होते, हेही खरं.

सोयीचं बोलून झालं, आता भीतीचं बोलू. आपण इथं सगळे घरचे आहोत, तर उघड बोलू.

मी ऑक्टोबर २०१९ मध्ये गेलो आणि दोन महिन्यांनी नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या डिसेंबरात दुसरा विषय नव्हता. दादीचा जन्मदाखला नाही. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं आणि आधारवर वेगळं. चुलते तलाठ्याकडे जुने उतारे काढायला गेले. जर्मनीतल्या कडाक्याच्या थंडीत मी ते फोटो बघत बसायचो. तेव्हा मनात एक विचार रुतला की दुसरा पासपोर्ट असलेला बरा. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मनात तो आहे, मला माहीत आहे. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

पण भीतीला भूगोल नसतो, हे मला तिथं कळलं. जानेवारी २०२४ मध्ये बातमी फुटली की परदेशी वंशाच्या लोकांना, अगदी जर्मन पासपोर्टवाल्यांनाही, मोठ्या संख्येनं देशाबाहेर काढायच्या योजनेवर एका गुप्त बैठकीत चर्चा झाली, आणि त्या बैठकीला एएफडी या पक्षाचे लोक हजर होते. देशभर लाखो लोक निषेधाला रस्त्यावर आले, आमच्या शहरातही आले. मी त्या गर्दीत होतो. वर्षभरानं, फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत, त्याच पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. म्हणजे मी इथल्या भीतीनं जिथं पळणार होतो, तिथं दारात तीच उभी. पासपोर्टचा रंग बदलला म्हणून ती दार सोडून जाणार नव्हती.

जर्मनीच्या इतिहासानं हे फार भयंकर रीतीनं दाखवलेलं आहे. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं पूर्ण नागरिकत्व काढून घेतलं. पिढ्यान् पिढ्या तिथले असलेले लोक, पहिल्या महायुद्धात त्या देशासाठी लढलेले सैनिक, एका कायद्यानं परके झाले. म्हणून आजच्या जर्मन राज्यघटनेच्या १६ व्या कलमात लिहिलं आहे की जर्मन नागरिकत्व हिरावून घेता येणार नाही. आणि २०२४ पासून नागरिकत्व मागणाऱ्याला नाझी राजवटीच्या अत्याचारांबद्दलची ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यू जीवनाचं संरक्षण मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. माझे काही मुस्लिम मित्र म्हणतात, ही अट आपल्यावरच्या संशयातून आली आहे. असेलही. पण मजकुरात मला गैर काही दिसत नाही. एखाद्या धर्माच्या माणसाचं नागरिकत्व काढून घेणं हा गुन्हा होता, यावर सही करायला आपण तर सगळ्यात आधी पुढे व्हायला हवं. मात्र मनात नसताना फॉर्मसाठी सही करू नका. ते दोन्हीकडे खोटं वागणं आहे.

भीतीचा आणखी एक प्रकार आहे, तो उलट्या दिशेनं काम करतो. 'मुसलमान असून भारताचं नागरिकत्व सोडलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा, गेला.' देशप्रेम सिद्ध करण्यासाठी पासपोर्ट घट्ट धरून ठेवायचा. शेजारचा जोशी किंवा पाटील अमेरिकेचा नागरिक झाला तर गल्लीत पेढे वाटतात, आणि आपण झालो तर खुलासा द्यायचा? का म्हणून? नववं कलम दोघांना सारखंच लागू आहे. कुणाला दाखवण्यासाठी नागरिकत्व ठेवणं आणि कुणाला घाबरून ते सोडणं, दोन्हींत निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो.

मग मी अब्बांशी बोललो. मला वाटलं होतं ते विरोध करतील.

आपल्या कोकणात कुवेत, सौदी, दुबई हे शब्द लहान मूल आधी शिकतं. अकामा म्हणजे काय ते इथं कुणाला सांगायला नको. अब्बा १९८२ मध्ये कुवेतला गेले आणि मधली युद्धाची वर्षं सोडून २००६ पर्यंत तिथं होते. इतकी वर्षं एका देशात राबले, पण तिथलं नागरिकत्व मिळेल असा विचारही कधी त्यांच्या मनाला शिवला नाही. तसा रस्ताच नव्हता. कफील नाराज झाला की अकामा गेला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा ते तिथं अडकले. वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला आले. त्या वेळी भारतानं असे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक परत आणले. अब्बा नेहमी सांगतात, 'त्या रांगेत कुणी नाव विचारून बाजूला काढलं नाही. पासपोर्ट बघितला आणि म्हणाले, चढा.'

म्हणून मला वाटलं, ते म्हणतील सोडू नकोस. ते म्हणाले, 'मला कुवेतनं दिलं असतं तर मी घेतलं असतं. रोज भीत भीत जगलो रे. पण तू घेऊन काय करणार, ते सांग.' मी म्हटलं, व्हिसाच्या रांगा नाहीत, नोकरीची चिंता नाही. ते म्हणाले, 'ती चिंता तर तुझ्या त्या कार्डानं गेली ना? ती सोडून सांग.'

पुन्हा मी गप्प.

याचं उत्तर मला एका सहकारी बाईंकडून मिळालं. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, ११ वर्षं तिथं आहेत. आमच्या कंपनीच्या कामगार प्रतिनिधी मंडळात निवडून आल्या आहेत. मुलं तिथल्या शाळेत, त्या पालक समितीत. त्यांनी अर्ज केला आणि त्यांना नागरिकत्व मिळालं. भारतीय पासपोर्ट जमा केला त्या दिवशी त्या कँटीनमध्ये बसून रडल्या, हे मी पाहिलं. मी विचारलं, मग का केलंत? त्या म्हणाल्या, 'माझ्या मुलांची शाळा, माझं भाडं, माझी पेन्शन, सगळं इथले लोक ठरवतात. अकरा वर्षं मी नुसती बघत आले. आता मला मत द्यायचंय.' त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. त्यांनी नागरिकत्व घेतलं ते वापरण्यासाठी.

मग मी स्वतःला विचारलं, तू तुझं वापरलंस का? माझं मतदार यादीत नाव गावी होतं. २०१४ मध्ये एकदा मत दिलं. २०१९ मध्ये पुण्याहून गावी जायचा कंटाळा केला. नंतर परदेशात गेलो. पस्तिशीतला माणूस, नागरिकत्वावर रात्र रात्र विचार करणारा, आणि आयुष्यात मत एकदाच दिलेलं! ज्या गोष्टीवरून मी एवढा अस्वस्थ होतो, ती मी पासपोर्टच्या कव्हरात घालून कपाटात ठेवली होती.

परदेशात राहणाऱ्या भारतीयाला मत देता येतं, हे मला तेव्हा कळलं. २०१० च्या दुरुस्तीनं लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०-अ हे कलम आलं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल तर फॉर्म ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं, पासपोर्ट घेऊन.

तर माझा निर्णय सांगतो. मी जर्मन नागरिकत्वाचा अर्ज अजून केलेला नाही. भरलेला फॉर्म तसाच आहे. त्याऐवजी फॉर्म ६-अ भरला. मुलीच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत केली, तिचा भारतीय पासपोर्ट आला. आम्ही दोघांनी २०२७ च्या अखेरपर्यंत मुदत घेतली आहे. तोपर्यंत परत यायचं की तिथं मुळं धरायची हे ठरवायचं. तिथं राहायचं ठरलं तर मी अर्ज करेन आणि ताठ मानेनं करेन, कारण ज्या गावात राहतो तिथल्या कारभारात तोंड न उघडता आयुष्य काढणं मला पटत नाही. मुदत का घेतली? कारण न ठरवता वर्षं ढकलणं, हा सुद्धा एक निर्णयच असतो, फक्त तो आपण घेतलेला नसतो.

तुम्ही वेगळं ठरवाल. ठरवा. जाता जाता अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

एक. राहायच्या परवान्याची फाइल आणि नागरिकत्वाचा अर्ज वेगळे ठेवा. जर्मनीत नागरिकत्वाचा अर्ज केला म्हणून राहायचा परवाना वाढत नाही. नागरिकत्वाच्या भरवशावर परवान्याची तारीख चुकवलेला माणूस मी पाहिला आहे, फार हाल झाले.

दोन. विलंबाला कायदेशीर उत्तर असतं का, ते पहिल्याच महिन्यात शोधा. मी १९ महिने घालवले.

तीन. नियम बदलतात. जर्मनीनं २०२४ मध्ये काही जणांना तीनच वर्षांत नागरिकत्व देण्याची सवलत आणली आणि २०२५ मध्ये काढूनही घेतली. म्हणून भाषेची परीक्षा, चाचणी, पगाराच्या आणि पेन्शनच्या नोंदी तयार ठेवा. तयारी लवकर करा, सही सावकाश करा.

चार. मूल होणार असेल तर त्याच्या नागरिकत्वाचा कायदा आधी वाचा, दोन्ही देशांचा. मी नंतर वाचला.

आणि शेवटचं, जे बाहेर जाणार नाहीत त्यांच्यासाठी. आपण ज्या चळवळीच्या शिबिरात बसलो आहोत, तिचा वारसा आठवा. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. फक्त सात जणी. त्यांच्यापैकी कुणाकडे पासपोर्ट होता की नाही, मला ठाऊक नाही. पण आपलं सरकार आपल्याला उत्तर द्यायला बांधील आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्याकडे दोन देशांचे कागद होते आणि ती खात्री मला वकिलाच्या नोटिशीनंतर आली.

आज रात्री घरी गेल्यावर एक काम करा. मतदार यादीत स्वतःचं नाव बघा. नाव आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का. अम्मीचं बघा, दादीचं बघा. नसेल तर फॉर्म भरा. सकाळी नाश्त्याला मी प्रत्येकाला विचारणार आहे.